उद्यमनगरच्या मिस्त्रीमामांना

मिस्त्रीमामा, सा. न. वि. वि.

तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही चहा मागवता आणि विषय बदलता. म्हणून हे जाहीर पत्र.

वडिलांची पद्मिनी गाडी तापली की स्लोवर, म्हणजे गाडी उभी असून इंजिन मंद फिरत असताना, ऑइल प्रेशरचा लाल दिवा लुकलुकायचा. आधीच्या एका गॅरेजात बॉनेट वर व्हायच्या आतच निकाल लागला होता: बेअरिंगं गेली, इंजिन खोला. तुम्ही म्हणालात, "आधी प्रेशर मोजू. दिवा म्हणजे मीटर नव्हे."

तेलाचं प्रेशर चार-सहा पौंडांच्या (चौरस इंचाला) खाली गेलं की स्विच दिवा लावतो. त्याच्या वर दहा पौंड आहेत की पन्नास, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. म्हणजे दिवा विझलेला असूनही इंजिन थकलेलं असू शकतं, आणि स्विचच बिघडला असेल तर दिवा लागला तरी ते धडधाकट असू शकतं. हे आजवर मला कुणी सांगितलंच नव्हतं!

स्विच काढून त्या भोकात साधं यांत्रिक गेज लावायचं, तर आटे जुळेनात. तुम्ही शेजारच्या लेथवर पितळी अ‍ॅडॉप्टर कातून आणलात. त्याला टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड, लावून एका तोंडाला गेज लावलंत आणि दुसऱ्या तोंडाला आमचाच जुना स्विच. काटा नेमका कुठे असताना दिवा लागतो, हे त्यामुळे एकाच वेळी दिसणार होतं. ही टीची युक्ती मला सगळ्यात आवडली. त्याआधी तुम्ही ते गेज तुमच्या दुसऱ्या गेजशी ताडून पाहिलंत, हेही लक्षात राहिलं.

गार इंजिनावर काटा चार किलोच्या (चौरस सेंटीमीटरला) पुढे गेला. तुम्ही तिकडे ढुंकूनही पाहिलं नाहीत. गार तेल घट्ट असतं, तेव्हा झिजलेलं इंजिनही छान प्रेशर दाखवतं. पाण्याचा काटा मध्यावर आला तरी तेल तापायला आणखी वेळ लागतो, म्हणून गेजचा पाइप तापणाऱ्या मॅनिफोल्डपासून लांब बांधून तुम्ही गाडी पन्हाळ्याचा घाट चढवून आणायला लावलीत. परत आल्यावर इंजिनाचे मिनिटाचे फेरे, म्हणजे आरपीएम, मोजणारा टॅकोमीटर लावलात, कारण कानाने मोजलेल्या आरपीएमवर तुमचा विश्वास नाही.

तापलेल्या इंजिनात स्लोवर एक किलो, म्हणजे साधारण चौदा पौंड. तीन हजारांवर तीन किलोच्या वर, आणि काटा स्थिर. हजार आरपीएमला दहा पौंड हा तुमचा ठोकताळा. त्यात गाडी आरामात बसली. आणि काटा एक किलोवर असताना दिवा मात्र लुकलुकतच होता. दोष स्विचचा!

प्रेशर स्लोवर पडलं असतं तर बेअरिंगांवर किंवा पंपावर संशय. स्लोवर ठीक राहून रेस केल्यावर चढलंच नसतं, तर जादा प्रेशर सोडून देणारा रिलीफ व्हॉल्व्ह आधी तपासायचा, हेही तुम्ही हात पुसता पुसता सांगितलंत. नवा स्विच बसवताना मी टेफलॉन टेप पुढे केली, ती तुम्ही बाजूला ठेवलीत. एका वायरच्या स्विचला अर्थिंग आट्यांतूनच मिळतं आणि टेपचा तुकडा तेलाच्या वाटेत गेला तर वेगळीच पीडा. तांब्याचा वॉशर पुरला.

जाड तेल घालून काटा वर करून देणारे पुष्कळ भेटतात. काटा चढतो, पण बेअरिंगापर्यंत तेल पोचायला उशीर होतो, असं म्हणून तुम्ही 20डब्ल्यू-50 ग्रेडचं तेल आहे तेच ठेवलंत. बिलात स्विच, वॉशर आणि लेथवाल्याचे पैसे. तुमच्या मजुरीची ओळ कोरीच. ती पुढच्या सर्व्हिसला भरून घ्यावी, ही विनंती.

सांगलीच्या एका अ‍ॅम्बेसेडरवाल्यांनाही इंजिन खोलायला सांगितलंय. त्यांना तुमच्याकडे धाडतोय. गाडी वाटेत कुठे थंड न करता थेट दारात आणायची, एवढं बजावलंय.

आपला,
पांढऱ्या पद्मिनीवाला