उन्हाळी क्षेत्रकामाला मानधन हवे

महोदय,

संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात बिबटे किती, हे कॅमेरा ट्रॅपमुळे, म्हणजे प्राणी समोरून जाताच आपोआप छायाचित्र टिपणाऱ्या कॅमेऱ्यांमुळे, बऱ्यापैकी सांगता येते. पण सुमारे १०४ चौरस किलोमीटरच्या या जंगलात माणसे कोणत्या वाटेने जातात, कुठे रेंगाळतात आणि पायवाट किती रुंदावतात, हे जाणून घ्यायचे तर वाटेवर कुणीतरी बसून मोजावेच लागते. तिकीटखिडकीचा आकडा त्याला पुरत नाही.

माझ्या मुलीने गेल्या मे महिन्यात एका संस्थेसाठी दुसऱ्या एका जंगलवाटेवर हेच काम केले. सकाळी साडेसहापासून माणसे मोजायची, घामाने मांडीला चिकटलेली प्रश्नावली भरून घ्यायची आणि दर शंभर पावलांवर वाटेची रुंदी टेपने मोजायची. मोबदला म्हणून प्रमाणपत्र मिळाले. रेल्वेचा पासही पदरचाच. ज्यांना सुट्टीत चार पैसे कमवावेच लागतात, ती मुले अशाने या अभ्यासाकडे फिरकत नाहीत, आणि त्यांत जंगलालगतच्या पाड्यांवरची, वाटा तोंडपाठ असलेली मुलेही आली. संशोधनाला परवानगी देतानाच विद्यार्थ्यांचे दैनिक मानधन, प्रवासखर्च आणि विमा यांची तरतूद वनविभागाने बंधनकारक करावी.

— एक पालक, बोरिवली