रविवारच्या बायबल स्टडीबद्दल

सर्वांना सलाम. या रविवारी उपासना संपली की लगेच 11 वाजता चर्चच्या मागच्या हॉलमध्ये बसायचंय, विषय 'केवळ शास्त्र', म्हणजे शेवटचा शब्द कोणाचा, पवित्र शास्त्राचा की परंपरेचा. 1521 मध्ये जर्मनीतल्या वर्म्स शहरात धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने पोप आणि चर्चच्या परिषदाही चुकल्यात असं बादशहा पाचव्या चार्ल्ससमोर सांगितलं, तिथूनच सुरू करू.

- प्रेषितांची कृत्ये 17:11 घरून वाचून या, बिरुया शहराचे लोक प्रेषित पौलाचं बोलणंसुद्धा रोज शास्त्रात तपासून बघायचे
- 'पाळकसाहेब म्हणाले' हे उत्तर चालणार नाही, वचन दाखवा
- बायबल छापील आणा, मोबाईल सायलेंट (मागच्या वेळी प्रार्थनेत रिंगटोन वाजली, कोणाची ते सांगत नाही)
- कॅथलिक नातेवाईक येत असतील तर जरूर आणा, पण त्यांच्याशी भांडायचं नाही

चहा आहे, कप आपापले.