राधानगरीला राहायला चला

ती. आई आणि बाबा,

सा. न. वि. वि.

फोनवर विषय काढला की आई "बघू की" म्हणते आणि बाबा फोन तिच्याकडे देऊन मोकळे होतात. म्हणून सरळ लिहूनच टाकते. दिवाळी झाली की दोन रात्री राधानगरीला जायचं, धरणाच्या पाण्याकाठी राहायला. गाडी समीर चालवेल.

"आपला रंकाळा काय वाईट आहे?" हे बाबांचं उत्तर मला पाठ आहे. वाईट काहीच नाही. पण रंकाळ्यावर तुम्ही एक फेरी मारता, ओळखीचे चौघं भेटतात, गुडघे आणि शुगर यावर चर्चा होते, येताना मेथीची जुडी घेता, झालं. त्याला बसणं म्हणत नाहीत. आणि आईची सहल म्हणजे सकाळी नृसिंहवाडी, दुपारी खिद्रापूर, वेळ उरला तर जोतिबा! जोतिबा पार उलट्या दिशेला आहे, हे तिला कोण सांगणार? खिद्रापूरच्या स्वर्गमंडपाखाली मान वर करून जरा उभं राहावं म्हटलं, तर हिची "चला, चला" सुरू. या वेळी एकही देऊळ यादीत नाही. आई, अंबाबाईला निघायच्या आदल्या दिवशी जाऊन ये, ती रागवायची नाही.

राधानगरीच का, तेही सांगते. आपल्या घरात राधानगरी म्हणजे पावसाळ्यातली बातमी. इतके दरवाजे उघडले, इतके क्युसेक सोडले, की आईची कागदपत्रांची पत्र्याची पेटी माळ्यावर. मग पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी: ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका. २०१९ ला बाबांनी जिन्याच्या पायऱ्यांवर खडूनं रेघा मारल्या होत्या, दर तासाला एक, शेजारी वेळ लिहून. पाणी रेघ ओलांडून गेलं की पुढची. चौथ्या पायरीवरची रेघ पाण्याखाली गेली तेव्हा तुम्ही दोघं निघालात. मी इकडे पुण्यात, हायवे बंद, नुसती फोन लावत बसलेली. तेव्हापासून भोगावतीचं, राधानगरीच्या त्या नदीचं, नाव काढलं की आईचा चेहरा बदलतो, हे मला दिसतं.

तेच पाणी एकदा निवांत बघायला या, एवढंच माझं म्हणणं आहे. पावसाळा सरल्यावर तलाव काठोकाठ असतो आणि हलत सुद्धा नाही. शाहू महाराजांनी काम सुरू केलं, ते गेल्यावर कितीतरी वर्षांनी, १९५० च्या दशकात, धरण पुरं झालं. आपल्याकडच्या उसाला ते पाणी किती लागतं हे मी बाबांना काय सांगणार! बाबा, ते सात स्वयंचलित दरवाजे कुणी बटण दाबून उघडत नाही, पाणी ठरलेल्या पातळीला गेलं की आपोआप उघडतात, हे तुम्ही गल्लीत सगळ्यांना समजावता. एकदा तरी स्वतः बघितलेत का? बंद असतील, पण असतात कसे ते तरी कळेल.

खोली तळमजल्यावर आहे, कमोड आहे, मी विचारून घेतलंय. जेवण घरगुती. आई, तू तिथं शेगडी पेटवायची नाहीस आणि मालकिणीच्या स्वयंपाकघरात जाऊन "मीठ जरा कमी पडलंय" असंही म्हणायचं नाहीस. दाजीपूरचं जंगल पावसाळ्यात बंद असतं, तोवर उघडलेलं असेल. आत जीपनं जाता येतं, गवे दिसले तर दिसले. रस्ता खडबडीत आहे, बाबांच्या कमरेला झेपत नसेल तर समीर आणि मुलं जातील, आपण काठावर खुर्च्या टाकून बसू. वाटेत हळदी-परिते भागात गुऱ्हाळं सुरू झाली असतील तर काकवी घेऊ. तेवढा एकच थांबा.

"तिथं दिवसभर करायचं काय?" हे आई विचारणारच. काही नाही. बाबांनी पेपर वाचावा, तू माझ्याकडून डोक्याला तेल चोळून घ्यावंस. दुपारी झोप आली तर झोपा. मला तुम्ही दोघं नुसते बसलेले बघायचे आहेत. तुम्हाला तसं मी शेवटचं कधी बघितलं, आठवत नाही.

किल्ली शेजारच्या काकूंकडे, दूध दोन दिवस बंद. मोबाईलला रेंज कधी असते, कधी नसते, तेव्हा आत्याला आधीच सांगून ठेवा, नाहीतर ती घाबरून सगळ्या नातेवाइकांना फोन लावेल. स्वेटर घ्या, पाण्याकाठी रात्री गारठा असतो. बाबांच्या गोळ्या आईच्या पर्समध्येच ठेवा, बॅगेत नको. रविवारपर्यंत तारीख कळवा, खोलीचे पैसे भरायचे आहेत. "बघू की" चालणार नाही.

तुमची,
मनू