वेचणीच्या आधी

बोरास, स्वीडन

तीर्थरूप आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

रविवारी फोनवर बाबांनी विचारलं, "हातात आलेली कंपनीची नोकरी सोडली कशाला?" मला नीट सांगता आलं नाही. बाबा, तुम्ही रागावला नाहीत, गप्प झालात. ते मला जास्त लागलं. म्हणून हे पत्र.

काम कपड्यांच्या एका मोठ्या कंपनीत होतं. एका कपड्यामागे पाणी किती, वीज किती, खत-फवारणी किती, याचा हिशेब मांडायचा. मी शिकले ते हेच. निवडीच्या वेळी त्यांनी नमुन्याला एक हिशेब करायला दिला. त्यात कापसासाठी एकच ओळ होती, 'भारत'. आपलं चार एकर कोरडवाहू रान आणि मे महिन्यात ठिबकवर लावलेली बागायती कपाशी, दोन्ही त्या एका ओळीत. सुती टी-शर्टला 2,700 लिटर पाणी लागतं, हा आकडा इथे जो तो सांगतो. पण पाणी कुठलं? आपल्या कपाशीला मिळतो तो पाऊस. कपाशी नसती तर त्यातलं बरंचसं गवतानं प्यायलं असतं. बोअरचं उपसलेलं पाणी मात्र शेजारच्या विहिरीतून कमी होतं, उन्हाळ्यात गावाच्या टाकीतून कमी होतं. हे दोन लिटर एकाच मापानं कसे मोजायचे? ही ओळ फोडू या का, असं मी विचारलं. तेवढा वेळ नसतो, म्हणाले. त्यांच्याकडे खरंच नसेल. मला मात्र तेच काम करायचं आहे.

आई, आता तुझं सांगते. वेचणीला बाया आल्या की त्यांना तू दव उतरेपर्यंत बांधावर बसवून ठेवायचीस. ओला कापूस वजनाला भरतो आणि मजुरी किलोवर, म्हणून त्या कुरकुरायच्या. खताच्या गोणीत तू कापूस भरू द्यायची नाहीस, जुन्या लुगड्याचीच झोळी. मला तेव्हा वाटायचं, आईचं उगाच काहीतरी. इथे पहिल्याच वर्षी प्रयोगशाळेत रंगवलेल्या कापडाचा एक तुकडा भिंगाखाली ठेवला, तर निळ्या रंगात मधेच पांढरे ठिपके. गोणीचे प्लॅस्टिकचे धागे होते ते. कापसात मिसळतात, सुतात कातले जातात आणि सुताचा रंग त्यांना धरत नाही. रंगवून झाल्यावर कळतं, तोवर अख्खा तागा वाया. गिरण्या हे धागे वेचून काढायला माणसं ठेवतात, यंत्रं बसवतात. आणि गावात काट्यावर व्यापारी तुझ्या झोळीतल्या आणि दुसऱ्याच्या गोणीतल्या कापसाला एकच भाव देतो. तू वीस वर्षं जे राखलंस त्याचा एक रुपया कधी तुझ्या हातावर पडला नाही. याचा मला राग आहे, आणि पुढची दोन वर्षं मी यावरच काम करणार आहे.

जागा विद्यापीठात आहे, संशोधनाची. पगार कंपनीपेक्षा कमी. पर्मनंट नाही, दोन वर्षांनी पुन्हा अर्ज करावे लागतील. बाबा, हे तुमच्यापासून लपवत नाही. शिक्षणाच्या कर्जाचा हप्ता माझ्या खात्यातून जातो, तो चुकणार नाही. घराच्या कागदांची काळजी करू नका.

आमच्या विद्यापीठाचा कापडाचा विभाग कृत्रिम रेशमाच्या जुन्या कारखान्याच्या जागेत आहे. कारखाना बंद पडला, पण त्याच विटांच्या इमारतींत आता पोरं विणकाम शिकतात. पहिल्या दिवशी आत शिरले आणि मला अमळनेरची प्रताप मिल आठवली. आजोबा तिथे कापड विणायच्या साच्यावर होते. कानात सदा साच्यांचा आवाज राहिल्यामुळे घरीही मोठ्यानं बोलायचे. त्यांना हे दाखवायला हवं होतं.

आता कामाचं. मी दसऱ्याआधी येते. विहिरीकडच्या तुकड्यातली पहिली वेचणी वेगळी ठेवा, विकू नका. भाव पडला तर फरक माझ्या पैशातून. 100 किलो कापसातून सरकी काढल्यावर 34-35 किलो रुई निघते. म्हणजे तुमच्या त्या दोन-तीन क्विंटलातून मला पुरेल एवढी मिळेल. जिनिंगवाल्याशी मी बोलले आहे, सकाळी यंत्र साफ असताना आपला कापूस आधी घेईल. पुढे त्याचं सूत, मग कापड. प्रत्येक टप्प्यावर मी बरोबर असेन, वही घेऊन. बाबा, पेरणीपासूनची तुमची वहीही काढून ठेवा: किती पाऊस, किती फवारण्या, कुठल्या तारखेला. गुलाबी बोंडअळी दिसली असेल तर तेही लिहा, माझ्यासाठी वगळू नका. आणि यंदा कपाशी फरदडीला उभी ठेवू नका. डिसेंबरनंतर उभ्या राहिलेल्या पऱ्हाट्यांवर अळी पुढच्या हंगामापर्यंत तग धरते.

वेचणाऱ्या बायांशीही मला बोलायचं आहे. एका दिवसात किती किलो, किती तास वाकून, बोटं कशी सोलतात. माझ्या हिशेबात पाण्याला रकाना आहे, विजेला आहे, त्यांना नाही. तो रकाना मी आखणार आहे.

आई, मागे तू विचारलंस ना, "काय शिकस व तू तठे?" दव उतरल्यावर का वेचायचं, ते शिकते.

कळण्याच्या भाकरीचं पीठ दळून ठेव. आणि जुनी सुती लुगडी टाकू नकोस, झोळ्यांना लागतील. माझ्यासाठीही एक शिवून ठेव, मीही वेचायला येणार.

तुमची,
वैशू