'आफ्रिकन लोककथा' म्हणजे नेमकी कुणाची?

संपादक महोदय, स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या बालपुरवणीत 'आफ्रिकन लोककथा' हा मथळा अधूनमधून असतो. गोष्ट बरी असते, पण ती घानातली की दक्षिण आफ्रिकेतली, याचा पत्ता लागत नाही. ग्रीक गोष्टीत झ्यूसचं नाव येतं, नॉर्स गोष्टीत थॉरचं. आफ्रिकेतले देव मात्र बिननावाचे, आणि चित्रात पानांचे घागरे घातलेली माणसं! घानातले अकान लोक केन्टेसारखं देखणं कापड विणतात. चित्रकारांनी ते एकदा पाहावं.

मी शनिवारी आमच्या वाचनालयाच्या बालविभागात गोष्टी सांगते. याच अकान लोकांच्या गोष्टींतला अनान्सी हा आठ पायांचा कोळी तिथं भलताच लाडका आहे. सगळ्या गोष्टी आकाशदेव न्यामेच्या ताब्यात. त्या हव्यात तर अजगर, बिबट्या, गांधीलमाश्या आणि रानातली मोआतिया ही बुटकी परी पकडून आण, अशी किंमत ठरते. अनान्सी ताडाची फांदी घेऊन अजगराकडे जातो आणि वाद उकरून काढतो: तू लांब की ही फांदी? अजगर ऐटीत फांदीलगत आडवा होतो, की हा वेलीनं त्याला शेपटीपासून डोक्यापर्यंत आवळतो. युक्ती बायकोची, आसोची. चौथीतल्या एका मुलीनं लगेच विचारलं, "मग गोष्टी अनान्सीच्या नावावर कशा?" मला उत्तर देता आलं नाही, आणि ओढूनताणून तात्पर्य चिकटवायचं मी टाळलं.

'आपल्या गोष्टी संपल्या का?' असं काही पालक विचारतात. संपल्या नाहीत. पण दक्षिण आफ्रिकेतल्या झुलू लोकांच्या गोष्टीत माणसाला अमरपणाचा निरोप घेऊन निघालेला सरडा वाटेत फळं खात रेंगाळतो, दुसरा चपळ सरडा मरणाचा निरोप आधी पोचवतो, हे ऐकताना मुलं जी गप्प होतात, ती मी फार थोड्या गोष्टींना झालेली पाहिली आहेत. मोठ्या मुलांना तर हेही सांगता येतं, की गुलाम करून जहाजांत कोंबलेल्या माणसांबरोबर अनान्सी जमैकाला पोचला आणि तिथं आजही त्याच्या गोष्टी सांगतात.

तेव्हा विनंती एवढीच: गोष्टीखाली लोकांचं आणि देशाचं नाव छापा, शेजारी छोटासा नकाशा द्या. त्यासाठी शब्दकोडं जरा आकसलं तरी आमची तक्रार नाही.

— एक ग्रंथपाल, मिरज