स्पीकर मोजताना व्हॉल्यूम फुल कशाला?

संपादक महोदय, स.न.वि.वि.

आपल्या पुरवणीतला होम थिएटरच्या सेटिंगवरचा लेख आवडला, पण मोजमाप घेताना व्हॉल्यूम फुल ठेवा हा जो सल्ला दिलाय तो वाचून राहवलं नाही, कारण त्या नादात कुणाचा तरी ट्वीटर (उंच सुरांचा छोटा स्पीकर) जळायचा. मी साउंडचंच काम करतो, म्हणून लिहितोय.

मोजमापासाठी स्पीकरमधून स्वीप वाजवतात, म्हणजे 20 पासून 20,000 हर्ट्झपर्यंत चढत जाणारा एकच सलग सूर. तो खुर्चीपाशी, कानाच्या उंचीवर ठेवलेल्या माईकला साधारण 75 डेसिबल मिळाला की घरच्या खोलीला पुष्कळ झालं. तोच 95 ला न्यायचा तर अँपला शंभरपट पॉवर द्यावी लागते, म्हणजे आधी 1 वॅट जात असेल तर आता 100! गाण्यात एवढी पॉवर क्षणभरच लागते, स्वीपमध्ये ती सलग जाते, स्पीकरमधली कॉइल (तारेचं वेटोळं) तापते, आवाज फाटतो आणि मग माईकने टिपलेल्या आवाजाच्या ग्राफवर खोली दिसते की स्पीकरचं रडणं दिसतं तेच कळत नाही.

अगदी हळू ठेवूनही भागत नाही म्हणा, पंखा, एसी, रस्त्यावरच्या ट्रकची घरघर हे सगळं खालच्या सुरांत मिसळतं. त्यासाठी पंखा बंद करा, खिडक्या लावा, आणि तरी कमी पडलं तर व्हॉल्यूम न वाढवता स्वीपच लांब करा, वेळ दुप्पट केला की 3 डेसिबलचा फायदा फुकटात मिळतो. खोलीतला घुमारा किती वेळ टिकतो ते मोजायचं असेल तर मात्र जरा जास्त लेव्हल लागते, कारण सूर 30-35 डेसिबल विरेपर्यंत तो खोलीतल्या गोंगाटाच्या बराच वर राहायला हवा.

लेव्हल बरोबर आहे का हे ओळखायला मी एकच करतो, एक स्वीप घ्यायचा, मग व्हॉल्यूम 6 डेसिबलने वाढवून दुसरा. ग्राफची अख्खी रेघ सारखी 6 ने वर सरकली तर ठीक. कुठे कमी सरकली तर एकतर तिथे स्पीकर दमलाय किंवा पहिल्या वेळी तिथे नुसता पंखाच मोजला गेलाय. छोट्या ब्लूटूथ स्पीकरचा बेस तर मोठ्या आवाजात बऱ्याचदा जागचा हलत नाही, आतला लिमिटर (आवाज मर्यादेपुढे जाऊ न देणारी सोय) त्याला दाबून धरतो.

आणि रात्री शांतता असते म्हणून दहानंतर स्वीप सोडणाऱ्यांनी शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा, बेस भिंतीतून आरपार जातो.

आपला,
एक साउंडवाला वाचक, पुणे