नखाखालची ठणक आणि आपण ठेवायला लावलेली ट्यूब

आदरणीय सर,
सविनय नमस्कार.

नाशिकमधील सातपूरच्या औद्योगिक वसाहतीतील आमच्या छोट्या शेडमध्ये ॲसिड सुरक्षितपणे हाताळायला शिकवण्यासाठी आपण गेल्या वर्षी लागोपाठ तीन शनिवार आलात, मानधनाचे नावही काढू दिले नाहीत, आणि त्या वेळी चहापलीकडे आमच्याकडून आपले काही झाले नाही. आज हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे, कारण आपल्या शिकवणुकीमुळे आमच्या एका हेल्परचे बोट शाबूत राहिले, आणि स्टेनलेस स्टीलच्या टाक्या बनवणाऱ्या इतर कारखान्यांनाही ती गोष्ट कळावी अशी माझी मनापासून इच्छा आहे.

दुधाच्या आणि वाइनच्या टाक्यांचे वेल्डिंग झाले की सांध्याभोवती निळसर-काळा डाग उरतो. तो काढण्यासाठी ब्रशने पिकलिंग पेस्ट लावायची, ठरलेला वेळ ठेवायची आणि भरपूर पाण्याने धुवायची, हे काम आम्ही वर्षानुवर्षे करीत आलो होतो. पेस्टमध्ये नायट्रिक ॲसिडबरोबर हायड्रोफ्लुओरिक ॲसिड असते, हे डब्यावर छापलेले असूनही आम्ही कधी वाचले नव्हते. पोरे वेल्डिंगचेच चामडी हातमोजे घालून, तोंडाला रुमाल बांधून कामाला लागत. आपण त्यातला एक हातमोजा उचलून उलटा केलात आणि आतला ओलसर डाग सगळ्यांना दाखवलात. चामडे ॲसिड अडवत नाही, ते शोषून घेते आणि कातडीला चिकटवून ठेवते, हे त्या एका डागाने आम्हाला जितके पटले तितके कोणत्याही फलकाने पटले नसते.

त्यानंतर आपण पुरवठादाराकडून पेस्टची सेफ्टी डेटा शीट, म्हणजे तिचे धोके आणि त्यावरचे उपाय सांगणारे माहितीपत्रक, मागवायला लावलीत. तिच्या १६ विभागांपैकी चौथा, प्रथमोपचाराचा, आणि आठवा, संरक्षक साधनांचा, हे दोन आपण मराठीत आणि उत्तरेकडच्या मुलांसाठी हिंदीत सांगितलेत. भोपाळच्या १९८४ च्या वायुगळतीनंतर, १९८७ साली कारखाने अधिनियमात दुरुस्ती झाली आणि घातक प्रक्रिया चालणाऱ्या कारखान्यात कामगाराला धोक्याची माहिती देणे बंधनकारक झाले, हेही आपल्याकडूनच समजले. आपला कारखाना त्या कलमात बसतो की नाही, हा हिशेब करीत बसू नका, असे आपण आमच्या मालकांना स्पष्ट बजावलेत. त्यांनी ते ऐकले, याचा मला अभिमान वाटतो.

चामडी हातमोजे गेले आणि कोपरापर्यंतचे जाड निओप्रीनचे, म्हणजे कृत्रिम रबराचे, आले. गॉगलवरून फेस शील्ड, पीव्हीसीचा एप्रन, गमबूट आणि पँटचे पाय बुटांच्या बाहेर, म्हणजे ओघळ बुटात शिरणार नाही. हात डोक्याच्या वर नेऊन काम करताना मोज्याची कड बाहेरून दुमडून ठेवायची, म्हणजे थेंब कोपराकडे न जाता त्या घडीत अडकतो, ही बारकाई आम्हाला स्वतःहून कधीच सुचली नसती. मोजे हातात असतानाच धुवायचे आणि मगच काढायचे. घालण्यापूर्वी त्यांत हवा कोंडून, तोंड आवळून दाबायचे आणि कुठून हवा सुटते का ते गालाजवळ धरून पाहायचे, ही सवयही आपलीच.

या वर्षी पावसाळ्यात नेमकी हीच तपासणी एका संध्याकाळी घाईत राहून गेली. चूक माझी, कारण डिस्पॅचसाठी मीच घाई केली होती. त्या हेल्पर मुलाला काम करताना काहीही जाणवले नाही. रात्री साडेआठला त्याचा फोन आला: मधल्या बोटाच्या नखाखाली ठणकते आहे, पण बाहेरून काहीच दिसत नाही. पूर्वीचा मी असतो तर सकाळी बघू म्हणालो असतो. पण सौम्य हायड्रोफ्लुओरिक ॲसिड लागल्यावर काही तास दुखतही नाही, तोवर ते आत शिरून शरीरातल्या कॅल्शियमला धरते, आणि ते मोठ्या प्रमाणावर लागले असेल तर हृदयाची लयही बिघडू शकते, हे आपण इतक्या कळकळीने सांगितले होते की मी जेवणाच्या ताटावरून उठलो.

शेडमधल्या कपाटात आपण ठेवायला लावलेली कॅल्शियम ग्लुकोनेटच्या २.५ टक्क्यांच्या जेलची ट्यूब होती. बोट वाहत्या पाण्याखाली धुतले, मी स्वतः मोजे घालून जेल चोळली, मग त्याच्या हातावर जेल भरलेला पातळ रबरी मोजा चढवला आणि डेटा शीट खिशात घालून त्याला रुग्णालयात नेले. ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी ती शीट पाहिली आणि लगेच पुढचे उपचार सुरू केले. पहाटे ठणक थांबली. दुखणे थांबणे हीच औषध लागू पडल्याची खूण असते, म्हणून बोट बधिर करण्याची घाई नको, हेही आपण सांगितलेले मला आठवत होते. टोकाची कातडी गेली. नख आणि बोट राहिले.

धुण्याचे पाणी आम्ही आता चुन्याच्या टाकीत सोडतो. चुन्यातले कॅल्शियम हे ॲसिडमधल्या फ्लोराइडला धरून खाली बसवते आणि जेल बोटात तेच करते, हे आपण फळ्यावर काढलेले चित्र आम्ही अजून पुसलेले नाही. टाकीच्या आत उतरून काम असेल तेव्हा ब्लोअर चालू असतो, आत उतरणाऱ्याच्या तोंडावर रुमालाऐवजी ॲसिडच्या वाफांसाठीचा कार्ट्रिज मास्क (गाळणीची डबी बसवलेला मुखवटा) असतो आणि टाकीच्या तोंडाशी बाहेर एक माणूस उभा असतो.

पहिली ट्यूब त्या रात्री संपली. आता दोन आणल्या आहेत, दोन्हींवरची मुदत महिन्याच्या पहिल्या तारखेला तपासतो. एक शेडमध्ये असते. ठणक रात्री सुरू होते म्हणून दुसरी मुलांच्या खोलीवर, दाराशेजारच्या खुंटीला पिशवीत टांगलेली आहे. त्या मुलाला आपल्याला भेटून हात दाखवायचा आहे. कोणत्या शनिवारी आणू, तेवढे कळवावे.

आपला नम्र,
वेल्डिंग विभागाचा सुपरवायझर